लेकीकडे जायचं निमित्त

हॅलो?… हॅलो! कोण आहे रे तिकडे? हे बघ मांजरवाल्या, आज फोन उचललाय तो तुझी हजेरी घ्यायला. महिनाभर बघतेय, सकाळ म्हणत नाहीस, दुपार म्हणत नाहीस, वाजला फोन की मांजर! मला काही विकत घ्यायचं नाही, मला मांजर पाळायचं नाही, आणि माझ्या घरात उंदीरसुद्धा नाहीत. कळलं?…

काय?… कोण आई? कुणाची आई?…

अगं… तू?

थांब, थांब. तू कशी? मग हे मांजर कुणाचं?… तुझं?… ते भुरं, अर्ध्या कानाचं? ते हे होय? मला काय ठाऊक! मी कधी बघितलंय त्याला? बघितलं असतं तर ओळखलं असतं.

हो, हो… अगं ऐक ना. ऐक आधी. हा फोन नवा आहे. जुना माझ्या हातून साबणाच्या बादलीत पडला. निघाला अगदी लख्ख, पण कायमचा मुका झाला. मग थोरल्याने हा आणला आणि थोरल्या सुनेने ह्यात सगळ्यांचे नंबर घातले. आता मला अक्षरं कुठे धड लागतात? दुसरीपर्यंतची माझी शाळा, तीही फळा पुसण्यात गेली. म्हणून तिने प्रत्येकाला फोटो लावला. थोरल्याला त्याच्या गोट्याचा, धाकट्याला त्याच्या छबीचा. आत्याला तिच्या नातवंडांचा. दूधवाल्यालासुद्धा त्याची पोरगी, दोन शेंड्यांची. पोराचं तोंड दिसलं की मला आई-बाप कळतात… हो ना! आणि तुझ्या नावाला काय लावलं महामायेने, तर मांजर.

मला विचारलं कुठे! मी समजले जाहिरात. हल्ली काहीही येतं गं फोनवर. परवा एक टकल्या आला, केस उगवून देतो म्हणाला. मी म्हटलं, आधी स्वतःचे उगव, मग बोलू.

हसतेस काय?… हसत नाहीस? मग नाक का ओढतेस?… सर्दी. बरं.

थांब, इस्त्री उभी करते. मास्तरांचा कोट आहे, जळला तर माझी शाळा घ्यायचे… हां, बोल.

नाही, आधी मी बोलते. महिनाभर फोन नाही!… अगं हो, केलास, ते आता कळलं. मला तेव्हा कुठे ठाऊक? मी आपली हा डबा उशाशी घेऊन झोपते. अंघोळीला जाताना बाहेर स्टुलावर ठेवते आणि कान तिकडे. म्हटलं, लेक रुसली. रुसू दे. माझ्याच पोटची आहे, नाक तेवढंच वर असणार… मी का करू फोन? मी मोठी आहे. फोन करायचा तो लहानांनी…

बरं, आणि केला नाही असं नाही. बसले होते एकदा दुपारी. लाँड्रीत गिऱ्हाईक नव्हतं. बोटाने वर सारत गेले, वर सारत गेले, तुझं तोंड शोधत. सगळी पोरंच पोरं गं. दात पडलेली, जीभ काढलेली, टोपी घातलेली. तू कुठेच नव्हतीस. मी म्हटलं, थोरली तुझा नंबर घालायलाच विसरली. आणि तिला विचारू कशी? विचारलं तर तिला कळणार, मीच फोन करतेय म्हणून.

हो, आहेच मी तशी. आता काय नवी आई आणायचीय का तुला?

काय म्हणालीस?… मुद्दाम? मी मुद्दाम उचलत नव्हते असं वाटलं तुला?… कशावरून?… स्टँडवर बोलले त्यावरून?… हो, बोलले असेन. ‘मूल नको तर लग्न कशाला केलंस’, बोलले. आवाज मोठा होता कारण गाडीचं इंजिन चालू होतं. आणि तू काय कमी बोललीस? ‘आई, होत नाही असं नाही, आम्हाला नको आहे!’ अख्ख्या गाडीला ऐकू गेलं. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला.

बरं… बरं… पण लोक विचारतात त्यांना मी काय सांगू?… ‘नको आहे’ म्हणून? अगं, चहा नको असतो, साखर नको असते. मूल नको हे म्हणताना माझी जीभ टाळ्याला चिकटते… मी सांगते, औषध चालू आहे.

ओरडू नकोस. कान आहे माझा, भोंगा नाही… हो, खोटं. माहीत आहे खोटं आहे. पण औषध म्हटलं की लोक ‘होईल हो, होईल’ म्हणतात आणि कपडे घेऊन आपल्या वाटेने जातात. ‘नको आहे’ म्हटलं की काउंटरवर कोपर टेकवून उभे राहतात. का नको, कुणाला नको, जावयाला नको का तुमच्या लेकीला नको, मग म्हातारपणी कोण बघणार… तासभर हलत नाहीत. धंदा करू की तुझी वकिली?

कोण बघणार हे मी नाही गं विचारत, लोक विचारतात…

मला? मला बघतातच की सगळे. दोन मुलगे आहेत, दोन सुना आहेत… काय म्हणालीस? मीच सगळ्यांना बघते? हं. जास्त शिकलीस ना, त्याचं हे.

बरं ते राहू दे. एवढे फोन कशाला केलेस ते सांग. तू काही इतकी प्रेमळ नाहीस… गंमत केली गं. सांग.

दवाखान्यात?… कोण?

तू?

थांब. काही बोलू नकोस. एक अक्षर बोलू नकोस, मी बसते. ए थोरले! ते मशीन बंद कर. कपडे राहू देत ओले, बंद कर म्हटलं ना! आणि खुर्चीवरचा गठ्ठा उचल… तिकडे ठेव. जा आता आत…

हां. बसले. सांग. हळूहळू सांग. मी कुणाला बोलणार नाही, इतक्यात बोलूही नये कुणाला. उभी आहेस का तू? बस आधी. कितवा…

काय?

पित्ताशय.

म्हणजे काय असतं ते?… खडे? पोटात खडे?… काढलं? अख्खं काढलं?…

हं.

नाही. मी काही समजले नाही… काही समजले नव्हते म्हणते ना! खुर्चीत बसले ते पाय दुखतात म्हणून. बसू नको का मी माझ्या दुकानात?…

हो. हो गं बाई. समजले होते. एवढाच वेळ. तापल्या इस्त्रीवर पाण्याचा थेंब पडतो ना, तेवढाच. झालं. गेला. आता नको काढूस ते.

अगं पण ऑपरेशन झालं तुझं! पोट फाडलं?… छोटी भोकं. छोटी काय, मोठी काय, पोट माझ्या लेकीचं ना! आणि मला… हो, कळलं, मांजर. मांजराचा मुडदा… बरं, त्याला नाही बोलत. थोरलीला बोलते.

जवळ कोण होतं?… जावईबापू? त्यांचं ते लिफ्टचं काम. दर दोन तासांनी कुणीतरी कुठेतरी मध्येच अडकलेलं असतं… राहिले? नोकरीवर भांडून राहिले? बरं. चांगला आहे माणूस, मी पहिल्यापासून म्हणतेय… कधी म्हणते म्हणजे? मनात म्हणते.

आणि जेवण?… वरच्या मजल्यावरची कोण?… नर्स. तिने डबा दिला. रोज?… नाव काय तिचं? असू दे, नाव घेऊन मी काय करणार. मी जिला ओळखतही नाही त्या बाईने माझ्या लेकीला जेवू घातलं, आणि मी इथे गोट्याच्या डब्यात काय द्यायचं ह्यावर थोरलीशी भांडत बसले होते.

केस कुणी विंचरले?… हात वर केला की टाके ओढायचे, ते कळलं. मग कुणी?… जावयाने? वेणी घातली?… वाकडी? वाकडी का असेना. लिफ्टचे दोर वळणारा हात तो, सुटली नसेल एवढं नक्की.

मग भावाला का नाही कळवलंस? थोरल्याला फोन लागतो ना तुझा, त्याच्या फोनात तरी तू माणूस असशील…

हं. हं… ते खरं. दवाखाना म्हटलं असतंस तर थोरली त्याच दुपारी पिवळी लोकर घेऊन आली असती. धाकटीने पाटी-पेन्सिल आणली असती. आणि खडे म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं अशी पडली असती की तूच त्यांची समजूत काढत बसली असतीस, टाके धरून… हो, कळतंय मला. आत्ताच कळलं, ह्याच खुर्चीत.

फक्त मला सांगायचं होतं होय?

फक्त मलाच…

अगं बोल ना. गप्प नको बसूस, मला तुझं तोंड दिसत नाही, मला काय कळणार?… शुद्धीवर येताना? काय म्हणत होतीस?… कोण सांगत होतं, ती वॉर्डातली बाई? काय म्हणाली ती?… ‘ह्यांच्या आईला आत पाठवा, केव्हाच्या हाका मारताहेत.’

आणि जावयाने बाहेर जाऊन तुझ्याच फोनवरून फोन लावला. मला.

कधी, दुपारी?… हो. आठवतंय. शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. वाजला. मी लाल बटण दाबलं. परत वाजला, परत दाबलं. थोरलीला म्हटलंसुद्धा, काय गं, हे मांजर आज भारीच अंगावर येतंय. पण मशीनच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही.

हॅलो?… आहे, आहे मी. नळ टपकतोय तो आवाज.

तूही रडू नकोस. ऑपरेशन झालेल्या माणसाने हसू नये आणि रडू नये.

काय?… परत म्हण… ‘माझ्याकडे बघायला पोरं नाहीत, म्हणून कुणी येत नाही.’ असं नाही हं. असं बोलायचं नाही. आपल्या घरात आजारपणाला कधी कुणी मागे राहिलेलं नाही. थोरलीचा पाय मुरगळला तेव्हा मी होते, धाकटी होती, तिची आई आली होती तिकडून. आता पोरांचं कोण बघणार म्हणून… धाकटीला ताप आला, तू स्वतः रजा टाकून आलीस. छबी लहान होती, तिला कोण… हो. आत्याचं ऑपरेशन झालं, तिच्या जुळ्या नातवंडांना आपण इथेच ठेवून घेतलं. आत्याला बघायला गेलं कोण?… गेलं असेल कुणीतरी.

असंच आहे का गं?

असंच दिसतंय.

थांब जरा. विचार करताना मला बोलता येत नाही. एरवी बोलताना मी विचार करत नाही, ते वेगळं.

हं… हं… पण तुझ्याकडे यायचं तर काय सांगून येणार होते मी? तूच सांग. धाकटीची आई बघ. वर्षातून दोनदा उगवते. ‘छबीला बघायला आले’ म्हणते आणि माझ्याच पलंगावर पाय पसरते. आहे कुणाची हिंमत बोलायची? नातीला बघायला आलीय बाई. आणि मी बॅग घेऊन तुझ्या दारात उभी राहिले, समोरच्या दारातून कुणी विचारलं, ‘काय आजी, काही विशेष?’ तर काय सांगू? विशेष काही नाही हो, लेक राहते इथे, एवढंच?

अगं, बोलावलंस. नाही कुठे म्हणते. दर वेळी बोलावलंस. मी म्हटलं, येईन की, निमित्त होऊ दे.

कसलं म्हणजे? तुला कळत नव्हतं कसलं?… कळत होतं. आणि तरी बोलावत होतीस.

ऐक. आता बोललेच आहे तर ऐक. मी सगळं ठरवून ठेवलं होतं, तुझ्या लग्नातच. तुझे दिवस भरत आले की मी येणार. चांगले दोन-तीन महिने. दुकान थोरल्यावर टाकून. तुझ्या स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचा, सगळे डबे माझ्या मनासारखे लावायचे, जावयाला बाहेरच्या खोलीत धाडायचं. तुझ्या डोक्याला तेल, पायांना शेक. तू हे करू नकोस, ते उचलू नकोस, असं ओरडत फिरायचं. मी त्याची वाट बघत होते गं इतकी वर्षं…

बाळाची? बाळाचीही. नाही कशी? पण बाळ काय, दिवसभर झोपतं. ते झोपलं की तू आणि मी. एका पलंगावर, दार लोटून. मला तेवढं हवं होतं. बाळ म्हणजे गं… गाडीचं तिकीट असतं ना, तसं. ते दाखवलं की कुणी उतरवत नाही.

हो, बाळाला तिकीट म्हणाले. आता हसलीस? हस. हळू हस.

तू घर सोडलंस तेव्हा तुझ्या वेण्या होत्या. शिकायला म्हणून गेलीस ती गेलीसच. त्यानंतर माझ्या वाट्याला आलीस कुठे तू? येतेस, दारातच पोरं तुझ्या गळ्यात पडतात. आम्ही पण टाकतो तुझ्या अंगावर, हात मोकळे आहेत तुझे म्हणून. त्यांची नाकं पुसतेस, अभ्यास घेतेस, भांडणं सोडवतेस, की झाली जायची वेळ. माझं तुझ्याशी बोलणं होतं ते दारात. तू चप्पल घालताना. ती चप्पलही कसली, बंद नसलेली. पाय सरकवला की झालं. बंदाची असती तर दोन वाक्यं तरी जास्त झाली असती.

नाही, रडत नाही मी. वाफ आहे इथे.

एक विचारू? चिडू नकोस. शेवटचं विचारते. तुला खरंच कधी नाही वाटलं?… हं… पोरं आवडतात, ते बघतेच मी… हं… आवडणं वेगळं, आई व्हायचं वेगळं… हं. सकाळी उठून कधी तरी रिकामं नाही वाटत?… नाही? कधीच नाही?… कधी कधी वाटतं. बरं झालं खरं बोललीस. मग? मग काय करतेस?… काही नाही. जातं. तासाभराने जातं.

मलाही वाटतं. मला तर हे घर असं भरलेलं असताना वाटतं.

बरं बाई. मला पूर्ण कळलं असं म्हणणार नाही मी. मला तर कुणी विचारलंच नव्हतं ना, हवं का नको. झाली पोरं. एका मागून एक, कपडे येतात तशी… विचारलं असतं तर?… काय सांगितलं असतं मी… थांब, विचार करू दे… तू हवी म्हटलं असतं. बाकीच्या दोघांचं नंतर बघितलं असतं. भावांना सांगू नकोस.

काय? आत्ता?… आत्ता येऊन काय करू? तू तर बरी झालीस. कामावर जातेस ना?… त्या कारखान्यात चष्म्याच्या काचा घासतेस, मान वर न करता… हो, आणि सुट्टीच्या दिवशीही तुलाच बोलावतात, ‘तुम्हाला काय, मुलंबाळं नाहीत’ म्हणून. मेले… मीही म्हटलं होतं? कधी?… असेल.

पण मग मी यायचं कशाला, निदान काही काम तर हवं. पडदे शिवून देऊ?… आहेत. सगळ्या खिडक्यांना? बरं. स्वयंपाक करीन… जावई करतात? रोज? आणि तू काय करतेस?… भांडी. हं. मग धुणं… मशीन आहे. इस्त्री करीन. इस्त्री तर… लागत नाही? इस्त्री लागत नाही असे कपडे घालता? ह्या घरात जन्माला येऊन? तुझ्या बापाने कडक कॉलरी करून तुला शिकवलं, आणि तू तसली सुरकुतलेली पोती घालून फिरतेस!… मऊ असतात म्हणे. मऊ!

मग मी तिथे करू काय?… काही नाही. अगं ‘काही नाही’ कसं करतात ते तरी सांग… बसायचं. कुठे?… खिडकीत. काय दिसतं खिडकीतून?… बसडेपो. बरं. बसा बघायच्या. मग संध्याकाळी तू येणार. मग?… चहा. चहा तर मी करीन ना?… तोही तूच. मग?… मग काही नाही.

जमेल का गं मला? खरंच विचारते. हात रिकामे असले की मला वाटतं, कुणाच्या तरी घरात उगाच घुसलेय. पाहुण्याने निदान लसूण सोलावा… सोलायला देशील? खोटं नाही ना? बघ हं.

थांब, थोरली आलीय. काय गं?… हो, तिचाच फोन. ते मांजर म्हणजे ती. तुझाच पराक्रम, त्यावर आपण नंतर बोलू, सवडीने बोलू. आता ऐक, मी तिच्याकडे जातेय. उद्या, सकाळच्या गाडीने… राहायला. राहायला म्हणजे राहायला…

पोरांचं कोण बघणार? त्यांचे आई-बाप बघणार. आहेत ना दोघं, चांगले धडधाकट. गोट्याला शाळेत सोडताना त्याच्या बापाचे पाय झिजत नाहीत… दुकानात धाकट्याला बसव. उभं राहायचं काम नाही, बसायचंच आहे, ते त्याला येतं… किती दिवस? ते मला काय विचारतेस? परतीची गाडी कोणती ते मी तिकडे गेल्यावर बघीन.

अशी काय बघतेस? डोळे काय चमकताहेत तुझे?… नाही. अगं नाही म्हटलं ना. कुणाला मिठी मारतेस? सोड. काही बातमी नाही… औषध? औषधबिवषध काही चालू नाही. कधीच नव्हतं. त्यांना मूल नको आहे.

नको. दोघांनाही. होत नाही असं नाही, नको आहे. बघ, म्हणता आलं मला. आणि तोंड मिट आधी, माशी जाईल… या मास्तर, तुमचा कोट दोन मिनिटांत देते, तोवर तुम्हीही ऐका. नाहीतर उद्या माझ्या माघारी हिला खोदून खोदून विचाराल.

मग कशाला जातेय? काय प्रश्न आहे हा, थोरले? तुझी आई येते तेव्हा तिला विचारतेस का?… गोट्यासाठी येते? खरंच? विचार एकदा तिला. एकटीला गाठून विचार. जा… डोळे पूस आणि जा. ते मशीन चालू कर आता.

हॅलो? आहेस ना?… ऐकलंस सगळं? बरं झालं, परत सांगायला नको… नाही, काही नाही केलं मी मोठं. तुझा फोन चालू होता, खोटं कसं बोलणार?

आता ऐक, उद्या स्टँडवर कुणाला पाठवू नकोस, मी विचारत विचारत येईन. तोंड आहे मला… तू येतेस? कामाचं काय?… रजा? रजा देतात का तुला? पोराला ताप आला, पोराची परीक्षा आहे, असल्या कारणांना देतात म्हणालीस ना तुझे साहेब. तू काय सांगणार?…

‘आई येतेय.’

एवढंच? आणि देतील? हे चालतं?… नाही चालत? मग?… बिनपगारी घेणार.

बरं.

नाही, काही नाही झालं. वाफ आहे म्हटलं ना… ए ठमे, ठेवू नकोस. काय सांगणार म्हणालीस साहेबांना? परत एकदा म्हण…

हं.

ठेवते.